नदीप्रवाह : मापन व मिश्रण

नदी, ओढा किंवा कालवा यांच्या एखाद्या काटच्छेदातून एकक काळात वाहून जाणाऱ्या पाण्याचे घनफळ ठरविणे याला प्रवाहमापन म्हणतात व या घनफळाला विसर्ग ही संज्ञा आहे. विसर्ग घ. मी./से. या एककात देतात. भारतात घनफूट प्रतिसेकंद (क्युसेक) हे जुने एककही रूढ असून १ क्युसेक म्हणजे सु. ०·०२८३ घ. मी./से. होय. वर्षभरात वाहणारे किंवा धरणात साठणारे पाणी अब्ज घनफुटांत (टीएमसी) सांगण्याची पद्धत आहे. १ अब्ज घनफूट म्हणजे सु. २·८३ कोटी घ. मी. होत.

नळाखाली भांडे धरून ते भरण्यास लागणारा वेळ मोजता येतो, तसे नदीच्या बाबतीत करता येत नाही. म्हणून काटच्छेदाचे क्षेत्रफळ व पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार करून विसर्ग काढावा लागतो. क्षेत्रफळ मोजणे त्या मानाने सोपे आहे; सर्व अडचण ‘सरासरी वेग’ या दोन शब्दांत आहे. काठाजवळ व तळाजवळ पाणी संथ, तर मध्यभागी वेगवान असते. वळणावर वेगाचा धागा बाहेरच्या काठाकडे सरकतो. खडकाआड व कपारीत पाणी उलटेही फिरते. वेगाच्या या असमानतेमुळे मापन अवघड होते आणि हीच असमानता पाण्यात मिसळलेल्या मिठाचा, रंगाचा किंवा सांडपाण्याचा नदीच्या लांबीत पसर घडवून आणते. प्रवाहमापन अभियंत्यांनी व मिश्रणाचा अभ्यास मुख्यतः भौतिकीविज्ञांनी आणि आरोग्य अभियंत्यांनी विकसित केल्यामुळे दोहोंचे इतिहास निरनिराळे सांगितले जातात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे आहेत.

पातळीचे युग : प्राचीन काळी नदीचे पाणी मोजणे म्हणजे तिची पातळी वाचणे असेच समजले जाई. ईजिप्तमध्ये नाईल नदीच्या पुराची उंची दगडी पायऱ्यांवर किंवा स्तंभावर कोरलेल्या हातांच्या खुणांवरून वाचीत. कैरो येथील रोडा बेटावरील नाईलमापक ८६१ मध्ये अब्बासी खलीफा मुतवक्किल यांच्या कारकीर्दीत बांधण्यात आला. पाणी किती हात चढले यावरून त्या वर्षीच्या पिकाचा अंदाज व शेतसारा ठरत असे. रोडा येथील पातळ्यांच्या नोंदी ६२२ पासूनच्या असून त्या जगातील सर्वांत दीर्घ जलनोंदींपैकी होत. विसाव्या शतकात हॅरोल्ड एडविन हर्स्ट यांनी या नोंदींचा उपयोग करून विपुलतेची व टंचाईची वर्षे गटागटाने येतात, असे १९५१ मध्ये दाखवून दिले. पाणीवाटपाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

रोममध्ये इ. स. ९७ पासून पाणीपुरवठ्याचे प्रमुख असलेले फ्राँटायनस हे पाणी नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने मोजीत. दप्तरात नोंदलेली आवक ही प्रत्यक्ष वाटलेल्या पाण्यापेक्षा कमी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले व या घोटाळ्याचा दोष त्यांनी बराचसा पाणीवाल्यांच्या लबाडीवर ठेवला. लबाडी होतच असावी. परंतु वेग हिशोबात न घेता केवळ क्षेत्रफळावरून पाणी मोजल्यास जमाखर्च जुळणे शक्य नव्हते. अलेक्झांड्रियाचे हीरो यांनी मात्र झऱ्याचे पाणी ठरविण्यास केवळ काटच्छेद पुरत नाही, वेगही कळला पाहिजे, असे स्वच्छ सांगितले आहे. झऱ्याखाली हौद खणून ठराविक वेळात त्यात किती पाणी साठते हे पाहावे, असा उपायही त्यांनी सुचविला. या विचाराकडे पुढे दीड हजार वर्षे कोणी वळले नाही. महाराष्ट्रात धुळे व नासिक भागांत पांझरा, मोसम इ. नद्यांवर चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी घनफळाने न मोजता क्षेत्र व पाळी यांनुसार वाटले जाते. मापनाचा प्रश्नच उद्‌भवू न देता तंटा टाळण्याचा हा व्यवहारी मार्ग होय.

रेनो नदीचा तंटा व कास्तेल्ली : वेगाचा विचार शास्त्रात पक्का झाला तो इटलीतील एका जुन्या भांडणामुळे. ॲपेनाइन्स पर्वतातून बोलोन्या शहराजवळून वाहणारी रेनो नदी भरपूर गाळ आणीत असे. ती पो नदीत सोडावी, अशी बोलोन्याची मागणी होती. तसे केल्यास पो नदीचे पाणी चढून आपले बांध फुटतील, अशी फेरारा शहराची तक्रार होती. दोन्ही शहरे पोपच्या अंमलाखाली असल्याने पोपने चौकशीसाठी पाठविलेल्या मंडळींबरोबर १६२५ मध्ये गॅलिलीओंचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांना जावे लागले. रेनोचा काटच्छेद पो नदीच्या काटच्छेदात मिळवून पातळी किती वाढेल हे काढण्याची तत्कालीन अभियंत्यांची रीत होती. कास्तेल्ली यांनी ती सपशेल चूक ठरविली. पाणी वाढले की वेगही वाढतो. त्यामुळे दोन नद्यांचे काटच्छेद एकत्र आल्यावर बेरजेइतके राहत नाहीत. त्यांच्या १६२८ च्या ग्रंथात, एकाच प्रवाहाच्या दोन काटच्छेदांतून सारख्या वेळात सारखेच पाणी जाते आणि म्हणून काटच्छेद व वेग व्यस्त प्रमाणात असतात, हा सांतत्याचा नियम मांडलेला आहे. लिओनार्दो दा व्हींची यांनी शतकाहून आधी हे ओळखले होते. पण ते त्यांच्या अप्रकाशित टिपणांत राहिले. रेनोचा तंटा मात्र या नियमाने मिटला नाही. ती नदी अठराव्या शतकात पूर्वेकडे वळवून एड्रिअ‍ॅटिक समुद्राला स्वतंत्रपणे मिळविण्यात आली, तेव्हा कोठे तो प्रश्न सुटला.

वेग काटच्छेदात कसा वाटला जातो, याचे उत्तर कास्तेल्ली यांच्यापाशी नव्हते. टॉरिचेल्ली यांनी भांड्याच्या छिद्रातून पडणाऱ्या धारेचा वेग वरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, असे दाखविले होते. बोलोन्याचे दोमेनिको गुल्येल्मीनी यांनी हाच नियम नदीला लावला. १६९०–९१ मधील त्यांच्या ग्रंथानुसार नदीतील प्रत्येक खोलीवरचे पाणी जणू छिद्रातून बाहेर पडते आणि म्हणून वेग तळाकडे वाढत जातो. गणित सुबक होते व पुढील चाळीस वर्षे ते विद्वन्मान्यही होते. नदीच्या काठावर उभा राहून लांब बांबू पाण्यात धरणाऱ्या कोणालाही त्याविषयी शंका आली असती, असे आज वाटते. पण वेग खोलवर मोजण्याचे साधनच उपलब्ध नव्हते.

ते साधन आंरी पीतो या फ्रेंच अभियंत्यांनी तयार केले. पॅरिसमध्ये सेन नदीत १७३२ साली त्यांनी दोन काचेच्या नळ्या लाकडी चौकटीत बसवून बुडविल्या. एक नळी सरळ होती, तर दुसरीचे खालचे टोक वाकवून प्रवाहाच्या समोर धरलेले होते. दुसऱ्या नळीत पाणी जितके अधिक चढते त्यावरून त्या जागचा वेग कळतो. नळ्या खोल नेल्या तसा हा फरक कमी होत गेला, म्हणजे वेग तळाकडे वाढत नसून घटतो, असे दिसून आले. अर्धे शतक शिकविलेला सिद्धांत दोन नळ्यांनी निकालात काढला. नदीच्या अभ्यासात अनुमानाची जागा मापनाने घेतली ती येथून, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

सूत्रे व यंत्रे : यानंतरच्या प्रयत्नांच्या दोन वाटा पडतात. एका वाटेने वेग न मोजता तो उतार, खोली व तळाचा खडबडीतपणा यांवरून काढणारी सूत्रे शोधण्यात आली. पॅरिसला यव्हेत नदीचे पाणी आणण्याच्या योजनेवर काम करताना आंत्वान शेझी यांनी वेग हा उतार व जलत्रिज्या (काटच्छेदाचे क्षेत्रफळ भागिले ओल्या परिघाची लांबी) यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, हे सूत्र सु. १७७५ मध्ये मांडले. ते हस्तलिखितातच राहिले आणि अमेरिकन अभियंते क्लेमेन्स हर्शेल यांनी १८९७ मध्ये प्रकाशात आणले. तोवर आंरी दार्सी व आंरी बाझँ यांचे १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेले कालव्यांवरील प्रयोग, स्विस अभियंते गांगिये व कुटर यांचे १८६९ चे सूत्र आणि आयर्लंडमधील रॉबर्ट मॅनिंग यांचे १८८९ चे सूत्र पुढे आले होते. यांपैकी मॅनिंग यांचे सूत्र सोपेपणामुळे टिकले. या सर्व सूत्रांत खडबडीतपणाचा गुणांक अनुभवावरून निवडावा लागतो, हे त्यांचे मर्मस्थान होय.

दुसरी वाट यंत्रांची. हँबर्गचे जलअभियंते राइनहार्ट व्होल्टमान यांनी १७९० मध्ये पवनचक्कीच्या पात्यांसारखी पाती असलेला व फेरे मोजणारा प्रवाहवेगमापक वर्णिला. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर हंफ्रीझ व ॲबट यांनी केलेले प्रचंड सर्वेक्षण १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक पृष्ठावर व एक खोलवर अशा जोडतरंगकांचा उपयोग केलेला होता. परंतु खालचा तरंगक नेमका कोठे आहे हे वरून कळत नाही व जोडणारी दोरीच त्याला ओढत नेते. डॅनियल फॅरंड हेन्री यांनी १८६८ च्या सुमारास ग्रेट लेक्समधून निघणाऱ्या नद्यांवर विजेच्या साह्याने फेरे नोंदणारा वेगमापक वापरला आणि तरंगकांच्या निष्कर्षांवर उघड आक्षेप घेतला. विल्यम गन प्राइस यांनी १८८२ मध्ये ओहायओ नदीवर बनविलेल्या वेगमापकात उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या शंकूच्या आकाराच्या वाट्या होत्या. गाळ आसात शिरू नये म्हणून धारवा हवेच्या कप्प्यात ठेवलेला होता. गढूळ नद्यांत हे यंत्र टिकले ते या साध्या युक्तीमुळे. त्याचे सुधारित रूप विसाव्या शतकभर जगात वापरात राहिले. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रांदे नदीवर आपले पहिले प्रवाहमापन केंद्र सुरू केले.

भारतात या विद्येचा पाया कालव्यांवर घातला गेला. गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला होता. रुडकी येथील टॉमसन महाविद्यालयाशी संबंधित असलेले ॲलन कनिंगहॅम यांनी १८७४–७९ या काळात त्या कालव्यावर वेगाचे अतिशय विस्तृत प्रयोग केले. कालव्याच्या सरळ, बांधीव भागात प्रवाह दीर्घ काळ एकसारखा ठेवता येत असल्याने ही जागा नदीपेक्षा सोयीची होती. लांब काठ्या उभ्या तरंगत सोडून त्यांच्या वेगावरून उभ्या रेषेतील सरासरी वेग काढण्याची रीत व प्रचलित सूत्रे या प्रयोगांत ताडून पाहण्यात आली. पुढे मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सुरू केलेल्या विभागातून खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत्‌ संशोधन केंद्र विकसित झाले. तेथे वेगमापकांचे अंशन करण्याची सोय आहे : स्थिर पाण्याच्या लांब टाकीवरून धावणाऱ्या गाड्याला वेगमापक टांगून तो ज्ञात वेगाने ओढतात व त्याच्या फेऱ्यांशी वेगाची सांगड घालतात.

प्रत्यक्ष मापनाची पद्धती आता सर्वत्र सारखी आहे. नदीच्या रुंदीचे सर्वसाधारणपणे २०–२५ भाग करतात व प्रत्येक भागात उभ्या रेषेवर वेग मोजतात. पाणी उथळ असल्यास पृष्ठापासून ०·६ खोलीवर एकदा, खोल असल्यास ०·२ व ०·८ खोलीवर दोनदा वेग घेऊन सरासरी काढतात. हे अपूर्णांक मनाने घेतलेले नाहीत. संक्षुब्ध प्रवाहात वेग तळापासून लॉगरिथमाच्या नियमाने वाढतो असे धरले, तर सरासरी वेग पृष्ठापासून सु. ०·६३ खोलीवर येतो. या रीतीचा सर्वांत भव्य प्रयोग ॲमेझॉनवर झाला. जुलै १९६३ मध्ये अमेरिकन व ब्राझीलियन तंत्रज्ञांनी ओबीदूस येथे त्या नदीचा विसर्ग सु. २,१६,००० घ. मी./से. मोजला. ओबीदूसची निवड करण्याचे कारण असे की, ॲमेझॉनचा बहुतेक सर्व प्रवाह तेथे एकाच अरुंद पात्रात येतो. ‘अरुंद’ म्हणजे अर्थात दोन किमी.हून अधिक.

पातळीवरून विसर्ग : प्रत्येक दिवशी नदीत नाव घालून वेग मोजणे शक्य नसते. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना काही मापने घेऊन पातळी व विसर्ग यांचा आलेख काढतात आणि एरवी केवळ पातळी वाचून आलेखावरून विसर्ग सांगतात. जगातील बहुतेक प्रसिद्ध विसर्ग अशा रीतीने मिळालेले असतात. म्हणजे नाईलमापकाचीच रीत, पण तिला आलेखाची जोड मिळालेली. आलेखाचा सर्वांत वरचा भाग, म्हणजे महापुराचा, नेमका सर्वांत कमी मापनांवर आधारलेला असतो. शिवाय पुरात तळ खरवडला गेला किंवा गाळ साचला, तर जुना आलेख निरुपयोगी होतो.

खालच्या बाजूचे पाणी तुंबले असता तर पातळी फसवीच ठरते. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानतात. पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याचा उतार कमी होतो, वेग घटतो आणि त्याच पातळीला पूर्वीपेक्षा कमी विसर्ग वाहतो. पूर ओसरत असतानाही पातळी लवकर उतरत नाही, याचे एक कारण हे होय. गावाला बुडविते ती पातळी. धरणाचे दरवाजे किती उघडावेत हे ठरविताना मात्र विसर्गच लागतो. दोहोंची गल्लत झाल्यास जी चर्चा होते ती २००५ व २०१९ च्या महापुरांच्या वेळी महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यात अलमट्टी धरणाच्या संदर्भात दिसून आली.

नोंदी व पाणीवाटप : मापनाच्या अचूकतेइतकेच नोंदींच्या लांबीलाही महत्त्व आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा करार १९२२ मध्ये झाला, तेव्हा वरच्या व खालच्या खोऱ्यांना मिळून वर्षाला सु. १८·५ घ. किमी. पाणी वाटून देण्यात आले. हाती असलेल्या सु. दोन दशकांच्या नोंदी नेमक्या विपुल पावसाच्या काळातील होत्या. भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे जलवैज्ञानिक ई. सी. लारू यांनी इशारे दिले, पण ते मानले गेले नाहीत. पुढे १९७६ मध्ये स्टॉकटन व जेकोबी यांनी वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून काढलेली दीर्घकालीन सरासरी सु. १६·६ घ. किमी. एवढीच भरली. नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले आणि त्या वाटणीवर शहरे व शेती उभी राहिली.

कृष्णेच्या बाबतीत नोंदी पुष्कळ दीर्घ होत्या. विजयवाडा येथील १८५५ मध्ये पुरा झालेल्या बंधाऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा हिशोब ठेवला जाई. बच्छावत न्यायाधिकरणाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांची मालिका पुढे ठेवून ७५% विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे तरी मिळेल असे, पाणी २,०६० अब्ज घनफूट धरले. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी मिळाले; पुनरुद्‌भवाचे पाणी याशिवाय. ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या न्यायाधिकरणाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षांची मालिका घेतली, तेव्हा तोच ७५ टक्क्यांचा आकडा २,१७३ झाला आणि सरासरी २,५७८ अब्ज घनफूट आली. नदी तीच, विश्वासार्हतेची व्याख्या तीच. नोंदीची वर्षे बदलली. अशा मालिकांत वरच्या भागात अडविलेले व वापरलेले पाणी परत मिळवावे लागते व तो हिशोब पुन्हा संबंधित राज्यांनी दिलेल्या आकड्यांवर अवलंबून असतो. हर्स्ट यांना नाईलच्या नोंदींत दिसलेली वर्षांची गटवारी येथे केवळ संख्याशास्त्रीय कुतूहलाची बाब राहत नाही.

मिश्रणाचा अभ्यास : प्रवाहात रंग सोडून त्याचा मागोवा घेण्याची शास्त्रीय पद्धत एका न्यायालयीन भांडणातून लोकांपुढे आली. जर्मनीत इमेंडिंगेन व म्योरिंगेन यांच्या दरम्यान डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडकाच्या भेगांत नाहीसे होते. दक्षिणेस आख येथील मोठ्या झऱ्याला पाणी येते ते हेच, असा संशय होता. कारण डॅन्यूबच्या पात्रातील भेगा बुजवल्या की आखच्या काठच्या गिरण्यांचे पाणी जाण्याची भीती. कार्ल्सरूअचे प्राध्यापक ॲडोल्फ क्नॉप यांनी ऑक्टोबर १८७७ मध्ये १० किग्रॅ. फ्ल्युओरेसीन हा रंग भेगांत सोडला. सु. ६० तासांनी आखचा झरा तेजस्वी हिरवा झाला. डॅन्यूबचे पाणी ऱ्हाईनला जाते हे असे डोळ्यांनी दिसले. तरी व्ह्यूर्टेम्बर्ग व बाडेन या राज्यांमधील वाद १९२७ मध्ये न्यायालयापुढे जाऊनच निर्णयाला आला.

मागोवा द्रव्याने वाट कळते, तसा विसर्गही कळतो. ओढ्यात ज्ञात सामर्थ्याचे मिठाचे पाणी एकसारख्या प्रमाणात सोडले व बऱ्याच खाली ते किती पातळ झाले हे पाहिले, तर पातळपणाच्या गुणोत्तरावरून विसर्ग निघतो. दगडगोट्यांनी भरलेल्या पहाडी ओढ्यात, जेथे काटच्छेद मोजणे अशक्य व वेगमापक निरुपयोगी, तेथे ही रीत उत्तम चालते. जोराची खळबळ ही तेथे अडचण न राहता मदत ठरते. अट एवढीच की, नमुना घेण्याच्या जागेपर्यंत मीठ संपूर्ण काटच्छेदात सारखे मिसळलेले असले पाहिजे. ते किती अंतरावर मिसळते, हा मिश्रणाच्या अभ्यासातील मूळ प्रश्न होय.

ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाचा बारीक धागा सोडून स्तरीय व संक्षुब्ध प्रवाहांतील भेद दाखविला. स्तरीय प्रवाहात धागा अखंड राहतो. वेग वाढला की तो अकस्मात फुटून सर्व नळी रंगीत होते. नद्यांचा प्रवाह जवळजवळ नेहमीच संक्षुब्ध असतो. तीत खोलीच्या दिशेने मिश्रण लवकर व रुंदीच्या दिशेने फारच उशिरा होते. समजा १०० मी. रुंद व २ मी. खोल अशा नदीत वेग ०·८ मी./से. व तळाशी असलेला घर्षणवेग ०·०८ मी./से. आहे. प्रयोगांतून मिळालेले गुणांक वापरल्यास असे निघते की, पृष्ठावर सोडलेले द्रव्य सु. १२० मी. अंतरावर तळापर्यंत सारखे होईल. काठावरून सोडलेले सांडपाणी पैलतीरापर्यंत सारखे मिसळण्यास मात्र सु. ३३ किमी. लागतील. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ रिओ नेग्रोचे काळे व सॉलिमोइशचे गढूळ पाणी सु. ६ किमी. शेजारीशेजारी वाहताना दिसते. तेथे तापमान, घनता व वेग यांतील फरकांचीही भर पडते. नाल्याखाली थोड्याच अंतरावर समोरच्या काठाला भरलेली नमुन्याची बाटली नदी स्वच्छ असल्याची ग्वाही देईल व याच काठाची बाटली ती गटार असल्याची. भारतात १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमापासून पाण्याच्या नमुन्यांना कायदेशीर महत्त्व आले आहे. तेव्हा नमुना कोठे भरला हा प्रश्न किरकोळ नाही.

रुंदीभर मिसळल्यावरही रंगाचा ढग प्रवाहाच्या दिशेने लांबत जातो, याला अनुदैर्घ्य अपस्करण म्हणतात. जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी १९५३ व १९५४ मधील निबंधांत नळीतील या क्रियेचा उलगडा केला. मधले कण पुढे पळतात, कडेचे मागे रेंगाळतात आणि आडव्या मिश्रणामुळे कण आपली जागा बदलत राहतात. या दोन क्रियांच्या झटापटीतून पसर ठरतो. यातील विलक्षण भाग असा की, आडवे मिश्रण जितके मंद, तितका कण आपल्या जलद किंवा संथ पट्ट्यात अधिक काळ राहतो व लांबीतील पसर तितका अधिक होतो. जे. डब्ल्यू. एल्डर यांनी १९५९ मध्ये हा विचार उघड्या प्रवाहाला लावून खोलीतील वेगभेदांवरून अपस्करणाचा गुणांक काढला. प्रत्यक्ष नद्यांत मोजलेले गुणांक मात्र त्याहून कितीतरी मोठे आले. मिसूरी नदीवरील १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गुणांक सु. १,५०० चौ. मी./से. मिळाला; तेथील खोली २·७ मी. व घर्षणवेग ०·०७४ मी./से. घेऊन एल्डर यांच्या सूत्राने सु. १·२ चौ. मी./से. एवढाच येतो. ही तफावत मापनातील चुकीने येण्यासारखी नव्हती. ह्यूगो फिशर यांनी १९६६–६७ मध्येच तिचे कारण सांगितले होते : नदी खोल असते त्याच्या कितीतरी पट रुंद असते, म्हणून पसर खोलीतील वेगभेदांनी नव्हे, तर काठापासून मध्यापर्यंतच्या वेगभेदांनी घडतो. म्हणजे ज्या आडव्या असमानतेमुळे प्रवाहमापकाला वीस-पंचवीस रेषांवर वेग घ्यावा लागतो, तीच येथे मुख्य कारक ठरली. एका कामासाठी केलेली मापने दुसऱ्या कामास थेट उपयोगी पडतात, हे फिशर यांच्या कार्याने सिद्ध झाले. उथळ ओढ्यांत कपारी व तळातील गोट्यांच्या फटी यांत पाणी अडकून उशिरा सुटते, त्यामुळे ढगाला लांब शेपूट येते. या साठ्याचे गणित बेनकाला व वॉल्टर्स यांनी कॅलिफोर्नियातील युव्हास ओढ्यावरील प्रयोगांवरून १९८३ मध्ये मांडले.

या सर्व गणिताच्या आधीपासून आरोग्य अभियंते नदीच्या स्वयंशुद्धीचा हिशोब करीत होते. स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायओ नदीच्या अभ्यासावरून सांडपाणी मिसळल्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण प्रथम घटते, काही अंतरावर किमान होते व नंतर पुन्हा वाढते, असे समीकरणाने दाखविले. त्यात अपस्करण धरलेले नव्हते. सतत वाहणाऱ्या सांडपाण्याला ते फारसे लागतही नाही. एकाएकी होणाऱ्या अपघातात मात्र ते टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइट्सरहाले येथील सँडोझ कंपनीच्या गुदामाला आग लागली व ती विझविण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाईन नदीत गेली. नदीच्या बऱ्याच लांबीत ईल मासे मेले आणि खालच्या देशांना विषारी पाण्याचा अग्रभाग व शेवट केव्हा येणार हे ठरवून पाणी उपसणारी केंद्रे बंद ठेवावी लागली. त्यानंतर ऱ्हाईनसाठी धोक्याची सूचना देणारे प्रतिमान तयार करण्यात आले व नदीत रंग सोडून त्यातील वेग आणि अपस्करण यांचे गुणांक पडताळण्यात आले.

अलीकडची साधने : स्वनातीत ध्वनीच्या लहरी पाण्यातील कणांवरून परावर्तित होताना त्यांच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून वेग मोजणारी डॉप्लर यंत्रे १९८० नंतर नद्यांत वापरली जाऊ लागली व १९९० नंतर त्यांचा प्रसार झाला. नाव एका काठावरून दुसऱ्या काठाला नेईपर्यंत यंत्र खोली व सर्व उभ्या रेषांवरील वेग नोंदविते. पूर्वी ज्या मोठ्या नदीला दिवस लागे तिचा विसर्ग काही मिनिटांत मिळतो. तळाशी चिकटून असलेला व अगदी पृष्ठालगतचा थर मात्र या यंत्रालाही दिसत नाही. तो अनुमानाने भरावा लागतो. महापुरात, नाव घालणे धोक्याचे असताना, पुलावरून रडारने किंवा चलच्चित्रातील फेस व काटक्या यांच्या हालचालींवरून पृष्ठवेग मोजतात आणि त्यास सु. ०·८५ या गुणकाने गुणून उभ्या रेषेतील सरासरी धरतात. डिसेंबर २०२२ मध्ये अवकाशात सोडलेला अमेरिका व फ्रान्स यांचा स्वॉट हा उपग्रह सु. १०० मी.हून रुंद नद्यांच्या पाण्याची पातळी, रुंदी व उतार मोजतो. तळ त्याला दिसत नाही; खोली व खडबडीतपणा अंदाजाने घेऊन मॅनिंग यांच्या सूत्रासारख्या सूत्रांनीच विसर्ग काढावा लागतो आणि पडताळा घेतला जातो तो नदीकाठच्या प्रवाहमापन केंद्रांवरील नोंदींशी.